गप गाडी

आप्पांच्या जीपला काहीतरी झालंय हे सगळ्यांत आधी ओळखलं ते वरच्या वाडीतल्या एका म्हातारीनं. १९९६ सालचा उन्हाळा होता. पाटणहून आमच्या गावाकडं वर चढताना ती मागच्या बाकड्यावर, बरोबर चाकाच्या वर बसली होती. मी किन्नर म्हणून पाठीमागं लोंबकळत होतो. तिसऱ्या वळणावर तिनं माझा सदरा ओढला आणि म्हणाली, "लेकरा, खाली कोण रडतंय रं?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. म्हातारीच्या कानात वारं शिरलंय, असं कोणीतरी म्हणालं. पण पुढच्या फेरीला मी कान देऊन ऐकलं आणि खरंच खाली कोणीतरी रडत होतं. बारीक, एकसुरी, चढ आला की वाढणारं.

ज्यांनी आमच्याकडचं वडाप पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. यष्टी दिवसातून दोनदा यायची, तीही पावसाळ्यात येईलच असं नाही. मधल्या वेळेत दवाखाना, बाजार, कोर्ट, कॉलेज, बाळंतीण, मयत, सगळं जीपवर. आत आठ-नऊ माणसं बसायची जागा, तिथं सोळा. मागं लोंबकळणारे निराळे, टपावर पोती, आणि बाजारादिवशी एखादी शेळीही. भाडं ठरलेलं. आप्पा माझे सख्खे चुलते. त्यांनी घरची खिलार जोडी विकून आणि सोसायटीचं कर्ज काढून एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडून ती जीप घेतली होती. विलीजच्या वळणाची, डिझेलची, पुढच्या चाकांनाही ओढ देता येणारी. ८२ हजार रुपये. घेताना आप्पांनी स्वतः चार मैल चालवून पाहिली होती. गाडी लोण्यासारखी चालली. दलाल शेजारी बसून पान खात होता, एक शब्द बोलला नाही.

तीन आठवडे गाडी गप होती. मग म्हातारी बोलली.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे बाभळीखालची एक पत्र्याची शेड आणि पुढं ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. मिस्त्री साठीच्या घरात, बोलणं कमी. आप्पा म्हणाले, "मागनं आवाज येतुया." मिस्त्रीनं बॉनेटकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "चला, नदीकडच्या रस्त्यानं जाऊ. सपाटीला." आणि तो पुढं न बसता मागं, दोन बाकड्यांच्या मधे पत्र्यावर चक्क उताणा झोपला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरलो नाही. तोपर्यंत मला वाटायचं की मिस्त्री लोक गाडी खोलतात आणि काय मोडलंय ते बघतात. हा माणूस खोलायच्या आधीच बघत होता, तेही कानानं. "आप्पा, पाय दाबा." आवाज चढला. "सोडा." आवाज पडला. "परत दाबा. आता निसता धरून ठेवा, ना वढ ना ढील." आवाज अर्धा. मग न्यूट्रल करून गाडी तशीच घरंगळू दिली. गप. मग मोकळ्या माळावर गाडी गोल गोल फिरवायला लावली, आधी उजवीकडं, मग डावीकडं. वळताना काही वेगळा आवाज नाही. उठून बसला आणि म्हणाला, "चाकाचं बेरिंग असतं तर कायम गुरगुरलं असतं, वढीला बी आनि ढिलाईला बी. आतल्या बारक्या दात्या असत्या तर वळताना बोलल्या असत्या. ह्यो वढताना रडतोय. क्राऊन-पिनियन."

तरी तो तिथं थांबला नाही. गॅरेजवर आणून मागची बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले. इंजिन चालू ठेवून गिअर टाकला, चाकं हवेत फिरू लागली. एका लांब पेचकसाचं टोक हौसिंगला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून त्यानं तीन-चार ठिकाणी ऐकलं. मग मला म्हणाला, "ऐक." मी कान लावला. पेचकसातून आलेला तो आवाज अजून माझ्या दाढांत आहे. मग इंजिन बंद करून त्यानं प्रोपेलर शाफ्ट हातानं इकडं-तिकडं हलवला. जॉइंटचा क्रॉस घट्ट होता, पण शाफ्ट अंगठ्याएवढा फिरल्यावर मग कुठं आत दाताला दात लागल्याचं 'खट्' ऐकू आलं. "एवढा खेळ नसतो," म्हणाला.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो कलिंगडाएवढा लोखंडी गोळा लोंबतो, त्याच्या पोटात काय असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बैलगाडीला असलं काही लागत नाही. तिचा आख जागचा हलत नाही, चाकं आखाभोवती आपापली फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि कोणाचं कोणाशी भांडण होत नाही, कारण ओढणारे बैल पुढं आहेत, चाकं नुसती मागून येतात. मोटारीत ओढणारी चाकंच. एकाच दांड्यावर दोन्ही घट्ट बसवली तर वळताना एक फरपटणार. म्हणून मधे ती दात्यांची जुळणी. इंजिनाकडून येणारा शाफ्ट एका लहान दातेरी चक्राला फिरवतो, ते पिनियन. ते एका मोठ्या थाळीला फिरवतं, ते क्राऊन. थाळीच्या पोटात चार बारक्या दात्या, त्या दोन चाकांना बळ सारखं वाटतात पण वेग ज्याचा त्याला घेऊ देतात. मिस्त्रीनं हे मला जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. त्यातली एक गंमत मात्र तेव्हा पटली नाही. एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक उभंच राहतं. चिखलातल्या चाकाला जेवढा धर तेवढंच बळ दुसऱ्यालाही मिळतं. त्याला धरच नाही, म्हणून यालाही काही नाही.

दुसऱ्या दिवशी मागचं झाकण खोललं. आधी खालचा बूच काढून ऑइल सोडायला बादली लावली. ऑइल आलंच नाही. मिस्त्रीनं बोट घातलं आणि काळा चिखल बाहेर काढला. तो बोटांत चोळला, वास घेतला आणि आप्पांकडं न बघता म्हणाला, "भुसा हाय."

लाकडाचा भुसा. सुतारशाळेतला बारीक भुसा ऑइलमध्ये कालवून हौसिंगमध्ये भरला, की तो फुगतो. झिजलेल्या दातांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. दात दातावर आपटत नाही, मधे गादी येते. गाडी गप होते. काहीजण केळ्याची सालंसुद्धा घालतात म्हणे. महिना-पंधरा दिवस चालतं. मग भुसा दळून त्याचं पीठ होतं, ते बेरिंगात जातं, ऑइलची वाट बंद करतं आणि जे दोन वर्षं टिकलं असतं ते दोन महिन्यांत जातं. झाकणाच्या तळाशी चिखलात चांदीसारखी चमक होती. दातांचा चुरा. पिनियनच्या एका दाताचा कोपरा उडालेला. मिस्त्रीनं तो तुकडा चिखलातून शोधून काढला, रॉकेलनं धुतला आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला. "घाटात अडाकला असता तर मागची चाकं जाम झाली असती. नाहीतर सुटली असती. मग तुमचा हँडब्रेक बी काय कामाचा न्हाय, त्यो शाफ्टलाच धरतो."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "सोळा माणसं असत्यात रं."

आम्ही दलालाकडं गेलो. भांडण होईल म्हणून मी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. तसं काही झालं नाही. दलालानं चहा मागवला. आप्पांनी भुशाची पुडी टेबलावर ठेवली. त्यानं ती पाहिली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, मी तुमाला गाडी चांगली हाय आसं म्हनलो व्हतो का? तुमी चालवून बघितली. तुमी ऐकली. मी तोंड उघडलं का?"

ते खरं होतं. तो पान खात होता. आप्पांना उत्तर सुचलं नाही आणि मलाही. मी त्या वेळी कराडला कॉलेजात होतो, तर्कशास्त्राचा एक पेपरही होता, पण त्या खुर्चीत बसून त्याच्या वाक्यातली खोट काही सापडली नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो. त्या चहाचा राग मला पुढं कित्येक वर्षं येत राहिला.

वाटेत आप्पा बैलबाजाराबद्दल बोलले. खरसुंडीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. हेडी लोक काही देव नसतात. बैलाचं वय लपवतील, किंमत फुगवतील. पण घेणाऱ्यानं सरळ विचारलं, "खोड काय?" तर मारका असेल तर मारका म्हणून सांगायची रीत आहे, बसका असेल तर बसका. "का सांगत्यात?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "बैल घरात बांधतो आपुन. घरात लेकरं असत्यात." मग थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी इच्यारलं न्हाय. बैलाला इच्यारतो, गाडीला काय इच्यारायचं ते म्हाईत नव्हतं."

मिस्त्रीला दलालाचं बोलणं सांगितलं तेव्हा तो पाना पुसत होता. त्याचं मत सरळ होतं. खोट असलेली वस्तू विकणं हा गुन्हा नाही. जुनी वस्तू म्हणजे खोट असणारच, म्हणून तर ती स्वस्त. घेणाऱ्यानं ऐकावं, बघावं, माहितगाराला बरोबर आणावं. पण आवाज मारू नये. "गाडी सांगत असती. तिचं त्वांड दाबायचं न्हाय. बाकी तुमी गप बसा, काय बी करा." आणि मग, कोणी विचारलं नसताना, म्हणाला, "मी बी घातलाय भुसा. पोरगा हुतो तवा. मालक सांगायचा, मी घालायचो. गाडी कोन नेतंय, कुठं नेतंय, कदी बघितलं न्हाय."

हे ऐकून मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतका वेळ तो आप्पांच्या डोळ्यांकडं का बघत नव्हता ते कळलं.

आता तीन वाटा होत्या. नवा कोरा क्राऊन-पिनियनचा सेट आणायचा, त्याला पैसे नव्हते. पुन्हा जाड ऑइल आणि भुसा भरून गाडी कोणाच्या तरी गळ्यात मारायची. ही वाट घरात दोघांनी सुचवली, त्यांची नावं मी घेत नाही. त्यांतला एक मी होतो. तिसरी वाट म्हणजे भंगारातला चांगला सेट शोधायचा.

भंगाराच्या बाजारात मिस्त्री आमच्याबरोबर आला. तिथं जीपचे दोन सेट निघाले. दुकानदार म्हणाला, सगळे एकच. मिस्त्रीनं खिशातून खडू काढला, एका दाताला खूण केली आणि मोजायला लागला. पहिल्याच्या थाळीला ३९ दात, पिनियनला ८. दुसऱ्याच्या थाळीला ४३ आणि पिनियनला ८. आमच्या गाडीचा ४३. "पुढचा हौसिंग ४३ चा, मागं ३९ चा घातला, तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. गाडी सोताशीच भांडंल." मग ४३ वाल्याच्या एकेका दातावरून त्यानं नख फिरवलं. कुठं खड्डा नाही, निळेपणा नाही. थाळी आणि पिनियन दोन्हींवर एकच आकडा कोरलेला होता, म्हणजे दोघं पहिल्यापासूनची जोडी. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. एकाची थाळी दुसऱ्याच्या पिनियनला दिली तर दोन्ही चांगली असूनही रडतात. सौदा १,८०० ला ठरला. जुना सेट दिला तर ३०० कमी, असं दुकानदार म्हणाला.

बसवायला दोन दिवस गेले. हब निघेना. शाफ्टच्या उतरत्या टोकावर तो असा बसलेला की पुलर लावून, ताण देऊन रात्रभर तसाच ठेवला, आणि पहाटे एकच हातोडा बसल्यावर बंदुकीसारखा आवाज करून सुटला. आतल्या बेरिंगच्या टोप्यांना काढायच्या आधी मिस्त्रीनं पंचनं खुणा केल्या, डावी डाव्याला आणि उजवी उजव्याला. पिनियनच्या मागं पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या असतात, कागदासारख्या. एक चकती कमी-जास्त झाली की पिनियन थाळीत जास्त घुसतं किंवा बाहेर राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मिस्त्रीनं मला पळवलं, "मारुतीच्या देवळाम्होरं दुकान हाय, शेंदूर आन."

मला वाटलं पूजा करणार. त्यानं शेंदूर तेलात कालवला आणि ब्रशनं थाळीच्या आठ-दहा दातांना फासला. मग चाक हातानं धरून ओझं दिलं आणि शाफ्ट फिरवला. जिथं दाताला दात लागला तिथला शेंदूर पुसला गेला. पहिल्या वेळी खूण दाताच्या मुळाशी आली, म्हणजे पिनियन जास्त आत. सगळं पुन्हा खोललं, एक चकती काढली, पुन्हा बसवलं, पुन्हा शेंदूर. असं चार वेळा. चौथ्या वेळी खूण दाताच्या बरोबर मध्यावर, तांदळाच्या आकाराची उमटली. दोन दातांमधला खेळ वहीच्या दोन कागदांएवढा. त्याहून कमी ठेवला तर गरम होऊन धरतो, जास्त ठेवला तर ठोकतो. सगळं धुऊन, ऑइल सील नवी घालून, वरची हवा जायची नळी तारेनं साफ करून, ९० नंबरचं ऑइल भरलं. "पहिल्या फेऱ्या हलक्या मारा. दर चढ सपला की उतरून हौसिंगला हात लावा. हात ठेवता आला पायजे."

जुना सेट मी ३०० रुपयांसाठी पोत्यात भरला होता. आप्पांनी तो बाहेर काढला, दगडावर ठेवला आणि मोठा हातोडा घेऊन थाळीचे दात फोडले. एकेक. ते पोलाद कठीण होतं, ठिणग्या उडत होत्या. मी म्हणालो, "आप्पा, तीनशे रुपये." मिस्त्री हसत होता. आप्पांनी सहा-सात दात उडवल्यावर थांबून घाम पुसला. "आता कुनाच्या गाडीत जाऊ दे," म्हणाले. ३०० रुपये म्हणजे त्या वेळी आमच्या दोन चांगल्या फेऱ्या. आप्पांचं हे करणं मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं, आणि आजही ते शहाणपणाचं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भंगारवाल्यानं तो सेट वितळवायलाही दिला असता.

पुढं मी शिक्षक झालो. दलालाचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. एका वकील मित्राजवळ ते बोललो, तर त्यानं १८७२ चा करार कायदा उघडून कलम १७ दाखवलं. दलालाचा प्रश्न त्यात होता, फक्त जीपच्या जागी घोडा होता. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही, दुसरा घेतो. कायदा म्हणतो, नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापानं सांगायलाच हवं. आणि घेणारा म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरतो', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. शिवाय जाणूनबुजून खोट झाकली तर ती सरळ फसवणूक. म्हणजे दलाल तोंडानं निर्दोष आणि भुशानं दोषी. मिस्त्रीनं बाभळीखाली जे सांगितलं तेच.

पण मला एक गोष्ट खटकली. त्या कायद्यात दोनच माणसं आहेत, घेणारा आणि विकणारा. आणि एक घोडा. मागं बसलेली म्हातारी त्यात कुठंच नाही. सौद्याच्या वेळी ती वाडीत गवऱ्या थापत असते. तिनं रुमालाखाली बोट धरलेलं नसतं, चार मैल चालवून पाहिलेलं नसतं, आणि घाटात चाकं जाम झाली तर ती मात्र असते. घेणाऱ्यानं सावध राहावं हे मला मान्य आहे. तिनं कशानं सावध राहायचं? आप्पांनी दात फोडले ते तिच्यासाठी, असं मला वाटतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

२००४ मध्ये आप्पांनी गाडी विकायला काढली. साखरेनं पाय सुजायचे, क्लच दाबवेना. कोयनेच्या पल्याडच्या गावातला एक पोरगा घ्यायला आला. आयटीआयला नापास झालेला, बापानं जमिनीचा तुकडा विकून पैसे दिलेले. चेहऱ्यावर तोच भाव, जो आठ वर्षांपूर्वी आप्पांच्या चेहऱ्यावर असेल. आम्ही तिघं चढापर्यंत गेलो. तो चालवत होता, आप्पा शेजारी, मी मागं.

चढ लागला आणि मला ते ऐकू आलं. बारीक, एकसुरी. पाय सोडला की गप, दाबला की पुन्हा. आठ वर्षं, सोळा-सोळा माणसं, झिजणारच. पोरगा इंजिनाच्या धडधडीत काही ऐकत नव्हता. आप्पा मात्र खुशीत म्हणाले, "बघ, हौसिंगचा जरा बी आवाज न्हाय. गप गाडी हाय. मी सोता बसवून घेतलाय."

आप्पा खोटं बोलत नव्हते. डिझेल इंजिनाच्या बाजूला वर्षानुवर्षं बसून त्यांचे कान गेले होते. बारीक आवाज तर पूर्णच गेले होते. आम्हा घरच्यांना ते माहीत होतं, त्यांना ते मान्य नव्हतं. पोरगा मागं वळला आणि मला म्हणाला, "व्हय ना, गुरुजी?"

मी मान हलवली.

कायद्याचं ते कलम मला पाठ होतं. तरी मान हलली. आप्पांना त्या पोरासमोर खोटं पाडायचं, त्यांना ऐकू येत नाही हे त्या चढावर सांगायचं, हे मला जमलं नाही. हे खरं कारण. दुसरंही एक कारण होतं. ठरलेले ६० हजार बहिणीच्या लग्नाच्या देण्यात जाणार होते. कुठलं कारण किती वजनाचं होतं ते मी अजून तोलू शकलेलो नाही. ५,००० इसार घेतला.

त्या रात्री झोप लागली नाही. मी भुसा घातला नव्हता. आवाज होता तसा उघडा होता. मिस्त्रीच्या हिशोबानं मी मोकळा होतो. पण मिस्त्रीच्या हिशोबात घेणारा ऐकू शकतो हे धरलेलं आहे. या पोराला काय ऐकायचं तेच माहीत नव्हतं, म्हणून तर त्यानं मास्तराला विचारलं.

सकाळच्या यष्टीनं मी त्याच्या गावी गेलो. गोठ्यात धार काढत होता. सांगितलं, क्राऊन-पिनियन बोलतंय, माणसं बसवायच्या आधी काम कर. मिस्त्रीचा पत्ता दिला. त्यानं धार थांबवली नाही. म्हणाला, "मग सात हजार कमी करा, गुरुजी." मी हो म्हणालो. आणि त्याला बजावलं, यातलं आप्पांना काही बोलायचं नाही.

व्यवहाराच्या दिवशी त्यानं दाराबाहेर माझ्या हातात ४८ हजार दिले. मी माझे ७,००० घालून ५५ केले आणि आप्पांसमोर ठेवले. त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजले. बरोबर भरले. म्हणजे एकाला खरं सांगण्यासाठी मी दुसऱ्याला फसवलं होतं, आणि त्या पोरालाही त्यात ओढलं होतं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ७,००० मध्ये कान तपासून मशीन आलं असतं. तिचं म्हणणं मला अजून बोचतं.

पोरानं गाडी चालू केली. आप्पा काठी टेकत गाडीच्या मागं गेले. वाकले आणि हौसिंगवर तळहात ठेवला. मी म्हणालो, "आप्पा, आता कशाला? गाडी थंड हाय." त्यांना ऐकू गेलं नसावं. हात बराच वेळ तिथंच होता. मग तो धोतराला पुसून ते पोराजवळ गेले, त्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले, आणि पोरगा माझ्याकडं बघून हसला. काय म्हणाले ते मी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर चार वर्षांत नाही. आता विचारायला ते नाहीत.

आप्पा जायच्या आधी एकदा पाटणच्या बाजारात मला ती जीप दिसली होती. रंग बदललेला, टपावर पोती, आत सोळा-सतरा माणसं. मी मुद्दाम तिच्यात बसलो. मागं, चाकाच्या वर. शेजारी पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई होती, तिच्या पदरात पोर झोपलेलं. चढ लागला. पोरानं पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी श्वास रोखून ऐकत होतो.

गाडी गप होती.

माथ्यावर उतरलो. भाडं दिलं, त्यानं घेतलं नाही. "काम केलं का रं?" मी विचारलं. "केलं की, गुरुजी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या भाड्याकडं वळला. मी मागं गेलो, चप्पल घट्ट करायच्या निमित्तानं वाकलो आणि हौसिंगला हात लावला. गरम होतं. चढ चढून आल्यावर गरम असणारच. हात ठेवता येतोय का हे मोजायच्या आत गाडी पुढं निघाली.